‘स्वामी’ कादंबरीतील राजस्त्रिया आणि वाचकांचा प्रतिसाद

‘स्वामी’ ही रणजित देसाई (१९२८–१९९२) यांची १९६२ साली प्रकाशित झालेली मराठी ऐतिहासिक कादंबरी आहे. थोरले माधवराव पेशवे यांची सुमारे अकरा वर्षांची कारकीर्द आणि त्यांचा अकाली मृत्यू हा तिचा विषय होय. या कादंबरीला १९६४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लढाया, तह आणि कारभार यांइतकीच जागा तिने शनिवारवाड्यातील स्त्रियांना दिली आहे. माधवरावांच्या पत्नी रमाबाई, आई गोपिकाबाई आणि काकू आनंदीबाई या तिघींविषयी वाचकांनी वेळोवेळी जी मते मांडली, ती सहा दशकांत एकसारखी राहिलेली नाहीत. प्रस्तुत लेखात या मतांचा आणि त्यांमागील ऐतिहासिक वस्तुस्थितीचा परामर्श घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत येथे मराठ्यांचा पराभव झाला. त्या युद्धात नानासाहेब पेशव्यांचे थोरले पुत्र विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ पडले. त्याच वर्षी २३ जून रोजी पर्वती येथे नानासाहेबांचे निधन झाले आणि सोळा वर्षांचे माधवराव पेशवेपदावर आले. चुलते रघुनाथराव यांच्याशी सत्तेसाठी सुरू झालेला संघर्ष, निजामाविरुद्ध राक्षसभुवनचा विजय (१७६३), हैदर अलीवरील कर्नाटकातील स्वाऱ्या, रघुनाथरावांची शनिवारवाड्यातील नजरकैद (१७६८) आणि राजयक्ष्म्याने खंगत जाऊन १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे आलेला मृत्यू हे या कारकिर्दीतील ठळक टप्पे होत. मृत्यूसमयी माधवरावांचे वय २७ वर्षांचे होते. पानिपतच्या पराभवापेक्षाही या पेशव्याचा अकाली अंत मराठी राज्याला अधिक घातक ठरला, अशा आशयाचे मत ग्रँट डफ याने नोंदवले आहे. रमाबाई थेऊर येथेच सती गेल्या. या दांपत्याला अपत्य नव्हते.

माधवरावांच्या राजकीय जीवनाविषयी पत्रे, हिशेब व बखरी यांच्या रूपाने विपुल साधने उपलब्ध आहेत. रमाबाईंविषयी मात्र ती अत्यंत तुटपुंजी आहेत. काही उल्लेख, एक विवाह आणि एक चिता यांपलीकडे इतिहासाने त्यांच्याविषयी फारसे काही राखून ठेवलेले नाही. कादंबरीतील रमाबाई जवळजवळ संपूर्णपणे लेखकाच्या कल्पनेतून साकारल्या आहेत. वाचकांच्या प्रतिसादाचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक ठरते, कारण अनेकांच्या मनात आज इतिहासातील रमाबाई म्हणून जी प्रतिमा आहे, ती या कादंबरीतूनच आलेली आहे.

वाड्यातील संवाद

कादंबरीचे निवेदन संवादप्रधान आहे. वाक्ये लहान, भाषा मार्दवपूर्ण आणि प्रसंगांची मांडणी नाट्यपूर्ण आहे. पतीचे नाव न घेता अप्रत्यक्ष संबोधनांनी बोलणारी पत्नी, आईला ‘मातोश्री’ म्हणणारा पुत्र, वडीलधाऱ्यांसमोर अर्धेच बोलून थांबणारी सून अशा वाड्यातील बोलण्याच्या रीतींतून देसाई यांनी नात्यांतील अंतर आणि ओढ दोन्ही व्यक्त केली आहेत. ‘स्वामी’ हे शीर्षकही या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात ‘स्वामी’ हा शब्द धन्यासाठी वापरला जाई. रयतेच्या लेखी पेशवा धनी होता, परंतु तो स्वतः छत्रपतींचा सेवक होता आणि रमाबाईंच्या दृष्टीने तो पती होता. राज्याचा धनी आणि पत्नीचा धनी या दोन अर्थांतील ताण कादंबरीभर जाणवतो.

सर्वसामान्य वाचकांनी सर्वाधिक स्वीकारली ती हीच बाजू. मोहिमेवर जाणारा पती आणि मागे राहणारी पत्नी, परतल्यावरची अल्पकाळाची भेट, आजारपणातील शुश्रूषा हे प्रसंग वाचकांच्या स्मरणात राहिले. युद्धांची वर्णने विसरली गेली तरी रमा-माधव हे जोडनाव मात्र रूढ झाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाल्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी आलेली ही कादंबरी शहरांतील आणि तालुक्यांच्या गावांतील सार्वजनिक वाचनालयांतून घराघरांत पोहोचली. वि. स. खांडेकर यांची ‘ययाति’ (१९५९) आणि शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ (१९६७) या त्याच काळातील कादंबऱ्या. पुराणातील वा इतिहासातील थोर व्यक्तींचे खाजगी आयुष्य जाणून घेण्याची वाचकांची उत्सुकता या सर्वांच्या मुळाशी होती. ‘स्वामी’ने ती उत्सुकता पेशव्यांच्या माजघराकडे वळवली.

रमाबाईंचे सहगमन

कादंबरीविषयीचे सर्वांत तीव्र मतभेद तिच्या शेवटाबद्दल आहेत. मृत्युशय्येवरील पेशवा, थेऊरच्या चिंतामणी मंदिराचा परिसर आणि सती जाण्याचा रमाबाईंचा निर्धार हा भाग वाचताना अश्रू अनावर झाल्याची आठवण जुन्या पिढीतील वाचक आवर्जून सांगतात. अष्टविनायकांपैकी एक असलेल्या थेऊरला जाणारे अनेक जण नदीकाठी असलेल्या रमाबाईंच्या स्मारकाचेही दर्शन घेतात. त्या स्थळाला लाभलेल्या भावनिक वलयात कादंबरीचा वाटा मोठा आहे.

दुसऱ्या बाजूच्या वाचकांचा आक्षेप असा की, ऐन तारुण्यातील एका स्त्रीचा अग्नीत झालेला अंत कादंबरी प्रेमाची परिपूर्ती म्हणून सादर करते. भाषेचे सौंदर्य जितके अधिक, तितका त्या घटनेतील दाह झाकला जातो. सहगमनाचा निर्णय रमाबाईंचा स्वतःचा होता असे कादंबरीतून ठसते, परंतु निपुत्रिक विधवेला वाड्यात पुढे कोणते आयुष्य जगावे लागले असते, हा प्रश्न त्या निर्णयाच्या कडेला उभा असूनही पुरेसा उघड केला जात नाही, असे या वाचकांचे म्हणणे असते. समर्थक यावर उत्तर देतात की, अठराव्या शतकातील व्यक्तीला विसाव्या शतकातील विचार बोलायला लावणे हाही इतिहासाचा विपर्यासच ठरला असता. रमाबाई सती गेल्या ही घटना आहे आणि कादंबरीकाराने ती पात्राच्या श्रद्धेतून दाखवली आहे.

हा युक्तिवाद वरवर पाहता निर्णायक वाटतो. तथापि पेशवे घराण्याचाच इतिहास पाहिला तर चित्र गुंतागुंतीचे दिसते. या घराण्यात सहगमन हा नियम नव्हता. चिमाजी अप्पांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. परंतु पहिल्या बाजीरावांच्या पत्नी काशीबाई पतीच्या निधनानंतर (१७४०) अनेक वर्षे हयात होत्या. नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई पतीमागे २७ वर्षे जगल्या. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पती पानिपतात पडल्याचे अखेरपर्यंत मान्यच केले नाही आणि वैधव्याची चिन्हे धारण केली नाहीत. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. त्यांच्या पोटी १७७४ साली पुरंदर येथे सवाई माधवरावांचा जन्म झाला. मुले असणे, गरोदर असणे, राजकारणात स्थान असणे किंवा पतीच्या मृत्यूविषयी शंका असणे अशी जगण्याची कारणे ज्यांच्यापाशी होती, त्या जगल्या. रमाबाईंपाशी यांपैकी काहीही नव्हते. ‘ती काळाची रीत होती’ या एका वाक्यात हा प्रश्न संपत नाही, तो येथून सुरू होतो.

वाचनाच्या या बदलाला समकालीन घटनांचीही जोड मिळाली. ब्रिटिश अंमलाखालील बंगाल प्रांतात १८२९ साली सतीप्रथा कायद्याने बंद झाली होती. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, ४ सप्टेंबर १९८७ रोजी राजस्थानातील देवराळा येथे रूपकुंवर या तरुणीचा पतीच्या चितेवर मृत्यू झाला आणि देशभर वादंग माजले. त्यापाठोपाठ केंद्र सरकारने केलेल्या सतीप्रतिबंधक कायद्याने सतीच्या उदात्तीकरणालाही गुन्हा ठरवले. ‘उदात्तीकरण’ हा शब्द कायद्याच्या भाषेतून सार्वजनिक चर्चेत आल्यानंतर ‘स्वामी’चा शेवट पूर्वीइतक्या निःशंकपणे वाचणे अनेकांना शक्य राहिले नाही. अर्थात १९६२ सालच्या कादंबरीला १९८७ नंतरच्या कसोट्या लावणे कितपत न्याय्य, हा प्रश्न उरतोच.

गोपिकाबाई आणि आनंदीबाई

रमाबाईंना मिळालेल्या सहानुभूतीच्या तुलनेत गोपिकाबाईंच्या वाट्याला वाचकांचा रोष आला. वाईच्या रास्ते घराण्यातील ही कन्या कारभारात लक्ष घालणारी होती. पुत्राच्या कारकिर्दीत माहेरच्या मंडळींना झालेल्या दंडाच्या प्रकरणावरून मायलेकांत बेबनाव झाल्याचे आणि त्यानंतर त्या नाशिकजवळील गंगापूर येथे जाऊन राहिल्याचे सांगितले जाते. कर्तव्यकठोर पुत्र आणि मानी आई यांच्यातील या संघर्षात पहिल्या वाचनात वाचक माधवरावांची बाजू घेतो. पुनर्वाचनात मात्र अनेकांना गोपिकाबाई वेगळ्या दिसतात. १७६१ सालच्या अवघ्या पाच महिन्यांत थोरला मुलगा आणि पती गमावलेली, पुढे १७७२ व १७७३ मध्ये उरलेले दोन्ही मुलगे गेल्याचे पाहणारी ही स्त्री १७८८ पर्यंत जगली. तिचा कठोरपणा हा दोष की कवच, याविषयी वाचकांत एकमत नाही. कादंबरीतील सर्वांत जिवंत स्त्रीपात्र रमाबाई नसून गोपिकाबाई होत, असे मानणारे वाचकही आहेत आणि हे मत दुर्लक्षिण्याजोगे नाही. संघर्ष त्यांच्या वाट्याला आला आहे, रमाबाईंच्या वाट्याला मुख्यतः प्रतीक्षा आली आहे.

आनंदीबाईंचे प्रकरण निराळे आहे. नारायणराव पेशव्यांचा वध ३० ऑगस्ट १७७३ रोजी, म्हणजे कादंबरीतील काळ संपल्यानंतर झाला. मूळ आज्ञेतील ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ करून आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, ही कथा मात्र प्रत्येक मराठी वाचकाला शाळकरी वयापासून ठाऊक असते. या कथेला निर्णायक कागदोपत्री पुरावा नाही. तरीही वाचक तिला सोबत घेऊनच ‘स्वामी’ उघडतो आणि आनंदीबाईंचे प्रत्येक वाक्य भावी अपराधाच्या प्रकाशात वाचतो. पती सत्तेपासून दूर ठेवला गेल्याने अस्वस्थ असलेली, बुद्धिमान व महत्त्वाकांक्षी पत्नी असे त्यांचे वाचन करायचे, तर आधी ठाऊक असलेली गोष्ट काही काळ बाजूला ठेवावी लागते. हे फार थोड्यांना साधते.

समीक्षकांचे आक्षेप

मराठी ऐतिहासिक कादंबरीची परंपरा रा. भि. गुंजीकर यांच्या ‘मोचनगड’पासून (१८७१) सुरू झाल्याचे मानले जाते. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या विवेचनात ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ या तीन आरंभीच्या कादंबऱ्यांवरून तीन प्रवृत्ती कल्पिल्या आणि वर्तमान वास्तवाला भिडणारी पहिली प्रवृत्ती श्रेष्ठ मानली. या भूमिकेतून पाहता ‘स्वामी’सारख्या कादंबऱ्या भूतकाळाच्या गौरवात रमणाऱ्या ठरतात. वाचकप्रियता आणि समीक्षकांची पसंती यांतील दरी या कादंबरीच्या बाबतीत ठळकपणे दिसते.

स्त्रीचित्रणाविषयीचा अधिक मार्मिक आक्षेप कालविपर्यासाचा आहे. बालवयात विवाह, एकत्र कुटुंबाची शिस्त, वर्षातील बरेच महिने मोहिमेवर असलेला पती या परिस्थितीत एकमेकांशी मनमोकळे बोलणारे, एकांतासाठी आसुसलेले दांपत्य कितपत संभवते? हे दांपत्यप्रेम अठराव्या शतकातील वाड्यापेक्षा विसाव्या शतकातील मध्यमवर्गीय घराला अधिक जवळचे आहे, असे या मताचे सार. वाचकांना रमा-माधव आपले वाटले याचे कारणही कदाचित हेच असावे. वाड्यातील इतर स्त्रिया, म्हणजे दासी, बटकी व कुणबिणी, या जगात पार्श्वभूमीपुरत्याच उरतात. पेशवाईत कुणबिणींची खरेदी-विक्री होत असल्याच्या नोंदी आहेत. ‘राजस्त्रिया’ या शब्दाच्या झळाळीत त्यांचा विसर पडतो, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

दूरदर्शन आणि चित्रपट

१९८०च्या दशकात दूरदर्शनवर गजानन जागीरदार यांनी दिग्दर्शित केलेली ‘स्वामी’ ही मालिका प्रसारित झाली. रवींद्र मंकणी यांनी माधवरावांची आणि मृणाल देव (पुढे मृणाल कुलकर्णी) यांनी रमाबाईंची भूमिका केली. मृणाल देव या ऐतिहासिक कादंबरीकार गो. नी. दांडेकर यांच्या नात होत. कादंबरी न वाचलेला मोठा वर्ग या मालिकेमुळे रमाबाईंच्या कथेशी परिचित झाला आणि त्या भूमिकेतील चेहरा पुढील वाचनालाही चिकटून राहिला. २०१४ साली मृणाल कुलकर्णी यांनी ‘रमा माधव’ हा चित्रपट दिग्दर्शित केला आणि त्यात त्यांनी स्वतः गोपिकाबाईंची भूमिका केली. एकेकाळची रमा सासूच्या जागी आली, आणि दरम्यानच्या काळात प्रेक्षकांची नजरही काहीशी त्याच दिशेने सरकली होती.

‘राऊ’शी तुलना

ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ (१९७२) ही पहिले बाजीराव, मस्तानी आणि काशीबाई यांच्याभोवती गुंफलेली कादंबरी नेहमी ‘स्वामी’च्या बरोबरीने चर्चिली जाते. ‘स्वामी’त एकनिष्ठ दांपत्य आहे, तर ‘राऊ’त एका पुरुषाच्या आयुष्यातील दोन स्त्रिया आहेत. मस्तानीला शनिवारवाड्याने नाकारले, बाजीरावांच्या अखेरच्या काळात तिला कैदेत ठेवले गेले आणि तिची कबर पाबळ येथे आहे. ‘राऊ’विषयी वाचकांची तक्रार बहुधा दोन प्रकारची असते. आयुष्यात एकही मोठी लढाई न हरलेला सेनानी प्रियकराच्या भूमिकेत झाकोळला जातो ही एक आणि काशीबाईंना पुरेसा अवकाश मिळत नाही ही दुसरी. काशीबाई चासच्या सावकार जोशी घराण्यातील होत्या. मस्तानीचा पुत्र समशेरबहादूर याचा सांभाळ पुढे पेशव्यांच्या कुटुंबात झाला. सवतीच्या मुलाला घरात वाढवणाऱ्या या स्त्रीवर स्वतंत्र कादंबरी व्हावी, अशी अपेक्षा वाचकांकडून व्यक्त होते.

या कादंबरीवर आधारित ‘बाजीराव मस्तानी’ हा हिंदी चित्रपट डिसेंबर २०१५ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा काशीबाई व मस्तानी एकत्र नृत्य करतात या दृश्याला पेशव्यांच्या वंशजांसह अनेकांनी आक्षेप घेतला आणि पुण्यात निदर्शनेही झाली. राजघराण्यातील स्त्रीच्या चित्रणाबाबत समाज किती संवेदनशील असतो हे या प्रसंगाने दिसून आले. विशेष म्हणजे आक्षेपाचा भर मस्तानीच्या वाट्याला आलेल्या कैदेवर नव्हता, तर काशीबाईंच्या नृत्यावर होता.

सोलापूर आणि अहिल्यादेवींची कथा

रमाबाईंच्या कथेला उत्तर वाटावे अशी दुसरी एक कथा सोलापूरच्या वाचकांना अधिक निकटची आहे. राजघराण्यांतील विवाहांशी या शहराचा संबंध जुना आहे. सोळाव्या शतकात अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्यात सोलापूरचा किल्ला आंदणाच्या रूपाने वादाचा विषय झाला होता आणि चांदबिबीच्या विवाहात तो आदिलशाहीला देण्यात आला. एक राजकन्या आणि एक किल्ला एकाच यादीत लिहिले जाण्याचा तो काळ होता.

सोलापूरच्या लेखिका विजया जहागीरदार यांनी ‘कर्मयोगिनी’ ही अहिल्यादेवी होळकर यांच्या जीवनावरील कादंबरी लिहिली. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडल्यावर अहिल्यादेवी सती जाण्यास निघाल्या होत्या, परंतु सासरे मल्हारराव होळकर यांनी त्यांना परावृत्त केले, अशी सर्वपरिचित हकिकत आहे. मल्हाररावांच्या आणि पुढे पुत्र मालेरावांच्या मृत्यूनंतर १७६७ च्या सुमारास रघुनाथराव होळकरांच्या दौलतीवर चालून गेले, त्या वेळी अहिल्यादेवींच्या बाजूने कौल देणारे पेशवे माधवरावच होते. म्हणजे ‘स्वामी’चा नायक एका विधवेच्या राज्याधिकाराचा पाठीराखा होता. ‘स्वामी’चा शेवट वाचणाऱ्याने हे संदर्भ शेजारी ठेवले, तर माधवरावांच्या मागे रमाबाईंना कोणी मल्हारराव का भेटले नाहीत, असा प्रश्न त्याला पडल्यावाचून राहत नाही.

या दोन कथांचे वाचन करणाऱ्यांपैकी काही जण अहिल्यादेवींना कर्तृत्वाचे आणि रमाबाईंना समर्पणाचे प्रतीक मानून विषय संपवतात. परंतु अहिल्यादेवींच्या आयुष्याने अशी सोपी विभागणी होऊ दिलेली नाही. १७९१ साली जावई यशवंतराव फणसे यांच्या निधनानंतर त्यांची कन्या मुक्ताबाई सती गेली. आईने केलेल्या विनवण्यांचा उपयोग झाला नाही. स्वतः चितेवरून परतलेल्या आणि पुढे महेश्वरहून तीन दशके राज्य चालवलेल्या स्त्रीलाही आपल्या मुलीला थांबवता आले नाही.

सोलापूर येथे २००४ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाला २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले.